सही करू का नको? कुपवाड एमआयडीसीतून आलेलं पत्र

पत्र मोठं होतं, थोडं कमी करून देतेय, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, मी कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचला आहे, सतरा वर्षं झाली. आमचा माल इंग्लंडला जातो. क्वालिटीत एक मुलगा होता, त्यानं दिवाळीनंतर सगळ्यांना सांगितलं की मी मुलगी आहे, आता नाव बदललंय, पंजाबी ड्रेस घालून येते. कामाला चोख आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मागच्या महिन्यात पुण्याहून एक मॅडम ट्रेनिंगला आल्या. त्यांनी सगळ्यांना आयकार्डाच्या चिठ्ठीवर इंग्रजीतलं 'ही' (he) किंवा 'शी' (she) लिहायला लावलं, तर पोरं 'शी शी' करून हसायला लागली. मी हात वर करून विचारलं की लेडीज चेंजिंग रूम एकच आहे तिथं काय करायचं, आणि म्हणाले मला तरी वाटतं बाई ही जन्मानंच बाई असते. मॅडम म्हणाल्या असले प्रश्न विचारणं हीच हिंसा आहे, आणि पुढची स्लाइड लावली. मागं काहीजणांनी टाळ्या वाजवल्या, कुणासाठी ते कळलं नाही. ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती आमच्यात जेवायला येत नाही. आता एचआरनं फॉर्म दिलाय, त्यावर लिहिलंय, 'स्त्री की पुरुष ही ओळख ज्याची त्यानं ठरवायची असते असं मी मानते आणि ते मनापासून स्वीकारते.' महिनाअखेरीपर्यंत सही पाहिजे म्हणतात. माझा भाचा लेस्टरला असतो, तो म्हणतो करू नको सही, इथल्या सुप्रीम कोर्टानं तुझ्याच बाजूनं निकाल दिलाय. कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक मला वाघीण म्हणतायत आणि तिच्यावर घाण जोक टाकतायत. मला ते पण बरं वाटत नाही. माझी मुलगी नववीत आहे, तिच्या कानावर कुठनं तरी गेलं, ती विचारतेय आई तू त्या ताईला काय बोललीस. मी काय करू? एक वाचक, सांगली."

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. "ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती" हे वाक्य तुम्ही गाळलं असतं तरी चाललं असतं, उलट तुमची बाजू जास्त भक्कम दिसली असती, पण तुम्ही ते लिहिलंत. म्हणून मी पण काही आडपडदा न ठेवता लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी सहीचं बघू, कारण त्याला तारीख आहे. आहे त्या फॉर्मवर सही करू नका, आणि "मी सही करणार नाही" असंही सांगू नका. फॉर्मची भाषा बदलून मागा. गेटमधून आत आल्यापासून पंचिंग करून बाहेर पडेपर्यंत तुम्ही कसं वागायचं हे कंपनी सांगू शकते, पगार देते ती. कुणाला कुठल्या नावानं हाक मारायची, कुणाची टिंगल करायची नाही, कुणाला कामातनं डावलायचं नाही, हे सगळं त्यात आलं. पण मनात काय आहे त्यावर सही मागणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मला पटत नाही. तुमच्याच डिस्पॅचमधे बघा, कोण माळकरी असेल, कोण रोजे धरणारा असेल, कोण देवच न मानणारा असेल, तिघं मिळून एकाच गाडीत बॉक्स भरतात की नाही? शेजारच्याचा देव मी मनापासून स्वीकारते असं कंपनीनं आजवर कुणाकडून लिहून घेतलंय का? घेतलं नाही म्हणून काम अडलंय का?

तर एचआरला जाऊन म्हणा की 'मानते' आणि 'मनापासून स्वीकारते' एवढं काढा आणि त्याजागी असं काहीतरी घाला: "कंपनीतल्या प्रत्येक सहकाऱ्याशी, त्यात ट्रान्सजेंडर सहकारीही आले, मी आदरानं वागेन. त्यांनी सांगितलेल्या नावानंच हाक मारेन. कामात भेदभाव करणार नाही, टिंगल करणार नाही, कुणी करत असेल तर त्यात सामील होणार नाही." यावर मात्र बिनदिक्कत सही करा. आणि सही केलीत की यातला शब्दन् शब्द पाळायचा, नावाचं पण, ते पुढं सांगते.

मी स्वतः मिरजेकडच्या एका कारखान्यात पर्सोनेलला सव्वीस वर्षं काढलीत, त्यामुळं टेबलाच्या पलीकडनं हे कसं होतं ते मला माहितीय. बाहेरचा कस्टमर ऑडिटला येणार असतो, त्यांचा एक कोड ऑफ कंडक्ट असतो, तो इंग्रजीत असतो, एचआरचा पोरगा रात्री बसून त्याचं मराठी करतो आणि फाइलला लावायला सगळ्यांच्या सह्या गोळा करतो. त्या पोराच्या मनात तुमचं मन तपासायचं नसतं हो, त्याला फाइल पूर्ण करायची असते. म्हणून त्याच्याशी भांडू नका, चारचौघांत तर नकोच, सकाळी कामाची गडबड सुरू व्हायच्या आधी लिहिलेला कागद घेऊन त्याच्याकडं जा. दहातले आठ वेळा तो म्हणेल "चालतंय की मॅडम". नाही म्हणाला तर प्लांट हेडला मेल करा, दोन ओळींचा. घटनेतलं विचारस्वातंत्र्य, सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य असलं काही पहिल्याच मेलमधे घालू नका, कलम १९ आणि कलम २५ हे मुख्यतः सरकारविरुद्धचे हक्क आहेत, खासगी कंपनीच्या फॉर्मवर ते थेट चालवायचे म्हटलं तर वकील लागेल आणि वर्षं जातील. साधी भाषा बदलून मागितली तर हे काम आठ दिवसात होतंय.

आता तुमच्या भाच्याचं. तो म्हणतोय तो निकाल खरा आहे, १६ एप्रिल २०२५ चा. इंग्लंडमधे इक्वॅलिटी ॲक्ट २०१० म्हणून कायदा आहे, त्यातले 'स्त्री' आणि 'लिंग' हे शब्द जन्माच्या, शरीराच्या अर्थानं वाचायचे असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं. पण त्याच न्यायाधीशांनी त्याच दिवशी हेही सांगितलं की ट्रान्सजेंडर लोकांना भेदभावापासून जे संरक्षण आहे ते कायम आहे आणि हा निकाल म्हणजे एका गटानं दुसऱ्यावर मिळवलेला विजय आहे असं कुणी समजू नये. भाच्यानं एवढा भाग सांगितला नाही वाटतं. तुमच्या प्रश्नाच्या त्याहून जवळची केस तिथंच आधी झालेली आहे. माया फोरस्टेटर म्हणून बाई लंडनमधे एका अभ्याससंस्थेसाठी काम करायच्या, त्यांचं मत साधारण तुमच्यासारखंच, ते त्यांनी ट्विटरवर लिहिलं आणि नंतर त्यांचं काँट्रॅक्ट पुढं वाढवलं नाही. २०१९ ला त्या पहिल्या फेरीत हरल्या. जून २०२१ ला अपिलात निकाल फिरला, असं मत बाळगणं हे कायद्यानं संरक्षित आहे असं ठरलं. आणि तिथंही न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं की याचा अर्थ ट्रान्सजेंडर माणसाला कुणीही काहीही म्हणून हाक मारावी आणि खुशाल सुटावं असा होत नाही. मत ठेवा, वागणं सांभाळा, एवढाच त्याचा सारांश.

पण ताई, हे सगळं झालं तिकडचं. कुपवाड काही लेस्टरमधे येत नाही. इथं आपला कायदा आहे. १५ एप्रिल २०१४ ला आपल्या सुप्रीम कोर्टानं नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की ट्रान्सजेंडर माणसांना घटनेतले सगळे मूलभूत हक्क आहेत आणि स्वतःची लिंगओळख हा त्यांच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. मग २०१९ ला ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम ९ मधे आहे की नोकरी देताना, बढती देताना, नोकरीच्या कुठल्याही बाबतीत आस्थापनेनं भेदभाव करायचा नाही. आणि कलम ११ मधे आहे की प्रत्येक आस्थापनेनं एक तक्रार अधिकारी नेमायचा. आता गेटजवळच्या नोटीस बोर्डावर बघा बरं, त्या अधिकाऱ्याचं नाव लावलंय का. माझा अंदाज, नसणार. ट्रेनिंगला पुण्याहून माणूस आणायला पैसे असतात, सह्यांचे फॉर्म छापले जातात, आणि कायद्यानं सांगितलेला तो एक साधा कागद बोर्डावर नसतो, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता त्याचा मला राग येतो.

तुमचा चेंजिंग रूमचा प्रश्न. तो योग्य होता, आणि त्याला हिंसा म्हणणाऱ्या ट्रेनर मॅडम चुकल्या, हे मी स्पष्ट लिहिते. बायका नोकरीला लागल्या तेव्हापासून संडास, कपडे बदलायची जागा, पाळणाघर यासाठी भांडतायत, हक्काचा प्रश्न आहे तो. मॅडमनी तो प्रश्न धरून उत्तर द्यायला पाहिजे होतं, कारण उत्तर आहे. २०२० ची जी कामगार सुरक्षा आणि आरोग्याची संहिता आहे तिच्यात संडास-मुतारी, अंघोळीची जागा आणि लॉकर रूम यांची पुरुष, महिला आणि ट्रान्सजेंडर कामगारांसाठी वेगळी सोय असावी असं लिहिलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार केलाय, ज्यांनी विचारच केला नाही ती तुमची मॅनेजमेंट. तो प्रश्न त्यांच्या दारात न्यायचा होता, तो त्या मुलीच्या अंगावर जाऊन पडला.

आणि नुसती वेगळी खोली बांधून पण भागत नाही, त्या खोलीत जाताना सगळ्या शॉपनं वळून बघायचं असेल तर ती खोली कसली. मला विचाराल तर आहे त्या रूममधे प्लायवूडचे कप्पे करा, आतून कडी, वर दिवा, एक खुंटी. खर्च म्हणाल तर एका ट्रेनिंगच्या जेवणावळीत निघेल. आमच्या कारखान्यात कितीतरी वर्षं अशी एकच उघडी खोली होती, बायका परकर दातात धरून, भिंतीकडं तोंड करून, एकमेकींना "जरा तिकडं बघ गं" म्हणत कपडे बदलायच्या. एकीचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं, ती वर्षभर घरनंच युनिफॉर्म घालून यायची, रात्री तोच तेलकट युनिफॉर्म घालून एसटीनं कवठेमहांकाळला जायची, आणि ती का असं करते हे आम्हाला कुणाला कधी विचारावंसं वाटलं नाही. कडी असलेला कप्पा तिला पण लागत होता. तेव्हा ही मागणी तुम्ही करा, बायकांच्या सह्या घेऊन करा, आणि त्या अर्जावर त्या मुलीची सही पण घ्या, ती द्यायला तयार असेल तर.

आता जे ऐकायला तुम्हाला जड जाईल ते. तुमच्या बोलण्यात दोन वाक्यं होती. पहिलं खोलीबद्दल होतं. दुसरं, "बाई ही जन्मानंच बाई असते", ते खोलीबद्दल नव्हतं. तुम्ही म्हणाल मी मॅडमना बोलले, तिला नाही. पण अख्ख्या हॉलमधे ते वाक्य जिला लागू होत होतं अशी एकच व्यक्ती होती आणि ती तिसऱ्या रांगेत होती. तिच्या आधी पोरांचं ते 'शी शी' झालेलं, ते पण तिनं ऐकलेलं. मग तुमचं वाक्य, मग टाळ्या. तुमच्या मताशी माझं भांडण नाही, माझं स्वतःचं मत वेगळं आहे, एखादं माणूस स्वतःबद्दल इतका त्रास सोसून काही सांगत असेल तर मी त्याचा शब्द धरते, पण तुम्ही तसंच धरावं असा माझा हट्ट नाही. ते मत तुम्ही घरी, मैत्रिणीत, लेख लिहून कुठंही मांडा. साठ माणसांसमोर, एका सहकाऱ्याच्या तोंडावर, तिला उत्तर द्यायची सोय नसताना मांडलं की त्याचं मत राहत नाही, तो तिच्याबद्दलचा निवाडा होतो.

हे मी अधिकारानं सांगतेय असं समजू नका, मी याहून वाईट वागलेय. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या स्टोअरला एक मुलगा होता, आयटीआय झालेला, हिशोबाला पक्का. चालणं-बोलणं मऊ. त्याला सगळे 'बायल्या' म्हणायचे, तोंडावर. तो मुलगी होता का मुलगा होता, त्याच्या मनात काय होतं, मला माहीत नाही, कारण मी कधी त्याच्याशी पाच मिनिटं बोलले नाही. तो जेवायला कँटीनला यायचा नाही, वजनकाट्याच्या मागं एक उंबराचं झाड होतं, तिथं पोत्यावर बसून जेवायचा. माझ्या खिडकीतनं दिसायचं ते. रोज दिसायचं. डबा उघडायच्या आधी तो एकदा मागं वळून बघायचा, कोण येतंय का. मी पर्सोनेलला होते, माझ्या हातात होतं, एक सर्क्युलर काढलं असतं किंवा नुसतं त्या चार पोरांना बोलावून दम दिला असता तरी पुष्कळ झालं असतं. मी कधी कुणाला बायल्या म्हटलं नाही, एवढ्यावर मी खूश होते. एक दिवस त्याचा राजीनामा माझ्याच टेबलावर आला, कारण लिहिलेलं 'घरगुती'. मी हिशोब काढून दिला. आज तीस वर्षांनी तुमच्या पत्रात "आमच्यात जेवायला येत नाही" वाचलं आणि मला ते उंबराचं झाड दिसलं.

म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपचं काम आजच करा, उद्यावर टाकू नका. तुमच्या नावानं चाललंय ते. ज्यांना तुमच्या चेंजिंग रूमशी काडीचं देणंघेणं नाही, जे स्वतः बायकांच्या शिफ्टवर जोक मारत असतात, ते तुम्हाला वाघीण म्हणतायत, कारण त्यांना तुमच्या मागं उभं राहून दगड मारायचाय. एक मेसेज टाका. साधा. "मी ट्रेनिंगला प्रश्न विचारला तो सोयीबद्दल होता. माझं नाव घेऊन कुणी तिच्यावर जोक टाकू नका, मला चालणार नाही. टाकलेले डिलीट करा." एवढंच. कुणी म्हणेल काय ताई, पलटलात का. म्हणू देत. आणि त्यांना हेही कळू दे की २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मधे ट्रान्सजेंडर व्यक्तीला शाब्दिक, मानसिक त्रास देणं हाही गुन्हा धरलाय, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे त्याला. ग्रुपवरचे मेसेज म्हणजे लेखी पुरावा, तारीख आणि वेळेसकट.

आता नावाचं आणि 'ही-शी'चं. त्या चिठ्ठ्या आपल्या भाषेत चालत नाहीत हे मॅडमना कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. इंग्रजीत ही आणि शी एवढंच बदलतं. मराठीत सगळं वाक्य बदलतं, ती आली, तो आला, चांगला, चांगली, गेलास, गेलीस. चिठ्ठी लावून हे होत नाही, जिभेला वळण पडावं लागतं आणि त्याला महिने जातात. पण आपल्याच भाषेत सोय पण आहे. 'तुम्ही आलात का', 'तुम्ही जेवलात का', यात बाई का पुरुष काही येत नाही. सुरुवातीला अडखळायला होत असेल तर अहो-जाहो करा, आदर पण राहतो आणि जीभ पण अडकत नाही. आणि आपल्या सांगली-कोल्हापूरकडं तर बायका पिढ्यान् पिढ्या "मी आलो", "मी जेवलो", "मी जातो की" असंच म्हणत आल्यात, माझी आई शेवटपर्यंत तसंच बोलायची, पुण्याच्या पाहुण्यांना ते ऐकून नवल वाटायचं, पण तिच्या बाईपणाला त्यानं कधी काही झालं नाही. आपल्या कानांना यातली लवचीकता नवी नाही एवढंच म्हणतेय.

नावाचं तर त्याहून सोपं. आपल्याकडं लग्नात काय करतात आठवा. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून सासर, भावकी, रेशनकार्ड, बँक, सगळ्यांनी त्या नावानं हाक मारायची. माझ्या आत्याचं नाव असंच बदललं. चोवीस वर्षांची बाई, एका रात्रीत वेगळी हाक. सगळ्या गावाला जमलं ते, कुणी म्हणालं नाही की मला सवय नाही हो, मी जुन्याच नावानं हाक मारणार. आत्याला तर कुणी विचारलं पण नव्हतं. इथं एका माणसानं स्वतःहून, विचार करून नाव घेतलंय. त्या नावानं हाक मारली म्हणून तुम्ही तुमचं कुठलंही मत सोडलं असं होत नाही. आणि जुन्या नावानं मुद्दाम हाक मारली तर मात्र ते मत राहत नाही, ते खिजवणं होतं, हे तुम्हाला पण माहिती आहे. चुकून जुनं नाव आलंच तर तिथंच दुरुस्त करायचं आणि पुढं बोलायचं, त्याचा तमाशा करून माफ्या मागत बसायचं नाही, त्यानं तिलाच जास्त अवघडायला होतं.

आणि एक. ट्रेनिंगमधे जोगत्यांचा, अर्धनारीनटेश्वराचा विषय निघतोच, आपल्याकडं पूर्वीपासून हे मान्य आहे असं सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. जतला यल्लम्माची यात्रा भरते, डोक्यावर देवीचा जग घेतलेला, साडी नेसलेला जोगता दारात आला, चौंडकं वाजलं, की आपण सुपातनं जोगवा वाढतो, पाया पडतो. पण त्याच जोगत्याला भाड्यानं खोली देणारं घर सांगलीत शोधून दाखवा. पायरीवर नमस्कार आणि आत जागा नाही, असली मान्यता पोट भरत नाही. २०१७ मधे कोची मेट्रोनं ट्रान्सजेंडर लोकांना नोकऱ्या दिल्या, पेपरात फोटो आले, आणि त्यातल्या काहींनी सुरुवातीलाच नोकरी सोडली कारण राहायला कुणी खोली देईना. २०२२ ला आपल्या राज्यात पोलिस भरतीच्या फॉर्मवर स्त्री आणि पुरुष एवढेच दोन रकाने होते, मॅटमधे, म्हणजे सरकारी नोकऱ्यांच्या तक्रारींच्या न्यायाधिकरणात जावं लागलं, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, तेव्हा कुठं सरकार तिसरा रकाना ठेवायला आणि नियम करायला कबूल झालं, आणि अर्जदारांमधली एकजण आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातली होती. तुमच्या क्वालिटीतली ती मुलगी असल्या सगळ्यातनं येऊन रोज सकाळी पंचिंग करते. तिला तुमचं मत बदलायला वेळ पण नसेल.

तिच्याशी बोला. ट्रेनिंगच्या हॉलमधे नको, एचआरच्या केबिनमधे तर नकोच, डिस्पॅचला क्यूसीचे कागद घेऊन ती येतच असेल, तेव्हा दोघीच असताना. "त्या दिवशी मी तुझ्यादेखत जे बोलले ते तसं बोलायला नको होतं, तुला लागलं असेल, माझं चुकलं." इथं थांबा. "पण माझं म्हणणं असं होतं की" हे वाक्य सुरू करू नका, कितीही वाटलं तरी. तुमचं मत तिला माहिती आहे, अख्ख्या कंपनीला माहिती आहे, ते परत समजावून सांगायची गरज नाही. ती काही बोलणार नाही कदाचित. कदाचित 'ठीक आहे मॅडम' म्हणून कागद देऊन जाईल. लगेच टेबलावर येऊन बसेल अशी अपेक्षा धरू नका आणि चारजणींनी मिळून तिला ओढून आणू नका, तिचं जेवण आहे, तिला जिथं बरं वाटतं तिथं ती जेवेल. तुम्ही फक्त खुर्ची मोकळी ठेवा, आणि एखाद दिवशी ती दारातनं डोकावली तर बोलता बोलता गप्प होऊ नका, जे चाललं होतं, गॅसचा भाव, हळदीचा दर, सासूचं दुखणं, ते तसंच चालू द्या.

राहिली तुमची मुलगी. तिनं विचारलंय ते थेट विचारलंय, तिला थेटच सांगा. प्रश्न काय विचारला, तो का विचारला, पुढं काय बोलून गेलात, टाळ्या कुणी वाजवल्या, तिसऱ्या रांगेत कोण होतं, सगळं. तिच्या वर्गात पण असं एखादं पोर असेल, वेगळं चालणारं, वेगळं बोलणारं, डबा घेऊन लांब बसणारं. ती त्याच्याबद्दल काही सांगायला लागली तर ऐकून घ्या, मधे बोलू नका. आणि त्या क्वालिटीतल्या मुलीचं नाव तिनं विचारलं तर नवीन नाव सांगा.